विठाबाई नारायणगावकर : सन्मान आणि हक्क

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम येथे झालेल्या कार्यकर्ता अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



'असंघटित श्रमिकांची सामाजिक सुरक्षितता' हा विषय आपण मला दिला आहे. या विषयावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याने आकडेवारीची भेंडोळी उलगडावीत आणि श्रोत्यांनी ती निमूटपणे सोसावीत, असा आपल्याकडील प्रघात आहे. आज तो थोडा बाजूला ठेवून एका नर्तकीचे आयुष्य मी आपल्यापुढे मांडणार आहे, आणि त्यातून निघणारा प्रश्न आपल्या पक्षाच्या पदरात टाकणार आहे. ही नर्तकी म्हणजे तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

सोयाबीनच्या आणि कापसाच्या भावाची चिंता वाहणाऱ्या या गावात नारायणगावच्या तमाशाचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. विदर्भाची खडी गंमत आणि दंडार निराळी, आपल्या तालुक्यातील पोहरादेवीच्या यात्रेला जमणाऱ्या बंजारा समाजाची गाणी आणि नाच निराळे, हे खरेच आहे. परंतु या परिसरातील तांड्यांवरून ऊसतोडीला जी कुटुंबे बाहेर पडतात, ती मुकादमाकडून उचल घेऊन बाहेर पडतात, हे आपणांस मी सांगावयास नको. तमाशाचा फडही दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि फडातील कलावंतही उचल घेऊनच पायांत चाळ बांधतो. हंगाम तोच आणि गळ्यातील फासही तोच. ऊसतोड मजुराच्या श्रमाला आपण श्रम म्हणतो. नाचणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला मात्र आपण कला म्हणतो आणि तेथे आपला हिशेब थांबतो. तो पुढे न्यावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

एक आयुष्य

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे त्या फडाचे नाव. या नावाकडे क्षणभर लक्ष द्यावे. एरवी गावगाड्यात जी जात हलक्या आवाजात उच्चारली जाई, ती येथे फडाच्या फलकावर ठळकपणे लिहिलेली होती. गावाला त्या जातीचा ढोलकीचा ताल हवा होता, गळा हवा होता, नाच हवा होता. शेजार नको होता. ज्या समाजातून लोकशाहीर अण्णाभाऊ साठे आले, त्याच समाजातून विठाबाई आल्या. दोघांच्याही वाट्याला अफाट लोकप्रियता आली आणि दोघांचीही अखेर दारिद्र्यात झाली, हा योगायोग मानण्याइतके आपण भाबडे असू नये.

शाळेत विठाबाईंचे मन रमले नाही. गण, गौळण, लावणी, भेदिक हेच त्यांचे शिक्षण आणि बोर्ड हीच त्यांची पाटी. कोवळ्या वयातच त्या उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता फडाचा कणा झाल्या. पुढे त्यांचा स्वतःचा फड झाला. नाच, गाणे आणि वगातील अभिनय या तिन्ही अंगांवर त्यांची सारखीच हुकमत होती. तमाशासम्राज्ञी ही पदवी त्यांना कोणा विद्यापीठाने दिली नाही. ती रात्र रात्र जागणाऱ्या प्रेक्षकांनी दिली. सरकारनेही दखल घेतली. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पहिल्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांच्या आतबाहेर होते, दुसऱ्या वेळी पंचावन्नच्या. म्हणजे एका नर्तकीचे संपूर्ण कर्तृत्व या दोन पदकांच्या मध्ये सामावले आहे.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई निवर्तल्या. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. मृत्यूनंतर रुग्णालयाचे बिल भागविण्यासाठी देणगीदारांना पुढे यावे लागले. पुढे २००६ पासून महाराष्ट्र शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने द्यावयास सुरुवात केली. कांताबाई सातारकर यांच्यापासून विठाबाईंच्या थोरल्या कन्या मंगला बनसोडे यांच्यापर्यंत अनेक थोर कलावंतांचा त्या पुरस्काराने गौरव झाला आहे. तो गौरव योग्यच आहे. पण पदक, पुरस्कार आणि रुग्णालयाचे न भागलेले बिल या तीन गोष्टी एका ओळीत मांडल्या म्हणजे आपल्या समाजाची रीत उघड होते. कलावंताला आपण सन्मान देतो. त्याच्या उतारवयाची जबाबदारी घेत नाही.

असंघटित कामगारांविषयी बोलताना एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ज्याच्या अंगी गुण आहे तो वर येतोच. विठाबाईंपेक्षा अधिक गुण कोणाच्या अंगी होते? त्यांच्याहून अधिक लोकप्रियता कोणाला मिळाली? त्या व्यवसायातील सर्वोच्च स्त्रीची ही गत होत असेल, तर तिच्या मागे रांगेत नाचणाऱ्या, नावही कोणाला ठाऊक नसलेल्या मुलींचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

त्या रात्रीचा अर्थ

विठाबाईंची एक हकीकत तमाशाच्या जगात सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या आत गेल्या, मूल झाले, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येण्यास सज्ज झाल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनीच खेळ थांबविला आणि बाईंना विश्रांती घ्यावयास सांगितले.

ही हकीकत सांगताना वक्त्यांचा कंठ दाटून येतो, आणि कलेवरील निष्ठेचा दाखला म्हणून ती सांगितली जाते. निष्ठा होतीच, ती कोण नाकारील? परंतु बाळंतपणाच्या रात्री एखादी गवंडीकाम करणारी बाई पाट्या वाहत असती, तर आपण तिच्या बांधकामनिष्ठेचे पोवाडे गायले असते काय? आपण ठेकेदाराला जाब विचारला असता. तिच्या बाबतीत जो प्रश्न आपल्याला सुचतो तो येथे सुचत नाही, कारण कला हा शब्द मध्ये येतो आणि श्रम झाकून टाकतो.

प्रेक्षकांनी त्या रात्री खेळ थांबविला, ही माणुसकी मोठी होती. तथापि ती दया होती, आणि दया प्रेक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असते. दुसऱ्या गावचा प्रेक्षक कदाचित पैसे परत मागता. हक्क मर्जीवर अवलंबून नसतो, म्हणून तो हक्क.

असा हक्क कायद्यात नव्हता असेही नाही. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ सालचा. प्रथम तो कारखाने, खाणी आणि मळे यांना लागू होता. १९७३ च्या दुरुस्तीने घोडेस्वारी, कसरती आणि इतर खेळ दाखविण्यासाठी जेथे माणसे नोकरीस ठेवली जातात अशा संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. सर्कशीतील स्त्रीसाठी केलेल्या त्या तरतुदीतील 'इतर खेळ' या दोन शब्दांत तमाशाचा फड सुखेनैव बसत होता. २०१७ साली या कायद्यातील रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांपर्यंत वाढली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा सामावून घेण्यात आला. एवढी वळणे कायद्याने घेतली, पण फडाच्या कनातीपर्यंत त्याची वाट पोहोचली नाही. नोकरीचा कागद नाही, हजेरीपट नाही, मालक कोण हे निश्चित नाही. मग बाळंतिणीने दाद मागावी ती कोणाकडे?

फडाचे अर्थशास्त्र

आता फडाच्या हिशेबाकडे वळतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तेथे येतात, तारीख पाहतात, रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत हंगाम चालतो आणि पावसाळ्यात फड बसून असतो. त्या बसलेल्या महिन्यांत घर चालविण्यासाठी कलावंत पुढील हंगामाची उचल घेतो. उचल फेडण्यासाठी पुढचा हंगाम त्याच फडात काढणे भाग पडते. फडमालक ही उचल कोठून देतो? बहुधा व्याजाने काढून. ट्रक, तंबू, वीजयंत्रे, ध्वनिक्षेपक, कपडे, प्रवास, एवढा पसारा त्याला सांभाळावा लागतो. पाऊस आला, दुष्काळ पडला किंवा गावात तंटा झाला, की कार्यक्रम रद्द होतो आणि व्याज चालूच राहते. २०२० आणि २०२१ ही महामारीची दोन वर्षे यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा फडमालक आणि बिगारी एकाच खड्ड्यात पडले.

म्हणून मालक आणि मजूर असे दोन सोपे रकाने आखून हा प्रश्न सुटणार नाही. विठाबाई स्वतः फडाच्या मालकीण होत्या आणि त्या फडातील सर्वाधिक राबणाऱ्या मजूरही त्याच होत्या. खरा वरचष्मा आहे तो भांडवल व्याजाने पुरविणाऱ्याचा, आणि खरी सोय आहे ती सुपारी देऊन एका रात्रीत मोकळ्या होणाऱ्या ग्राहकाची. हा ग्राहक कोण, याकडे मी शेवटी येणार आहे.

दौलतजादा हा या व्यवहाराचा आणखी एक पैलू. खूष झालेला प्रेक्षक नोट पुढे करतो आणि नर्तकी ती हसून घेते. वरकरणी ही रसिकता आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर मजुरीचा काही भाग येथे मालकाकडून काढून प्रेक्षकाच्या लहरीवर टाकला गेला आहे. ज्या कामात पोटापुरता पगार निश्चित असतो, त्या कामात बक्षिशीसाठी हसावे लागत नाही.

कारखान्यातील यंत्र झिजते म्हणून हिशेबात घसारा धरतात. प्राप्तिकराचा कायदाही तो मान्य करतो, आणि त्या रकमेतून पुढे नवे यंत्र येते. नर्तकीचे यंत्र म्हणजे तिचे शरीर. गुडघे, टाचा, कंबर, गळा. रात्रभर चाळांचे ओझे पायांत घेऊन नाचणारे हे शरीर चाळिशीच्या आसपास थकू लागते. या झिजेचा घसारा कोणाच्याही वहीत लिहिलेला नाही. फडमालकाच्या नाही, यात्रा कमिटीच्या नाही आणि सरकारच्याही नाही. तो लिहिला जातो म्हातारपणी, रुग्णालयाच्या बिलावर, एकट्या नर्तकीच्या नावे.

पॅरिस आणि पीटर्सबर्ग

ही सर्व नर्तकांची नियतीच आहे, असे कोणी म्हणेल तर त्यास जगातील दोन उदाहरणे द्यावी लागतील.

पॅरिसच्या ऑपेरातील नर्तक-नर्तकींना वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. या व्यवस्थेचे मूळ १६९८ सालापर्यंत, चौदाव्या लुईच्या राजवटीपर्यंत जाते. राजेशाहीलाही जे उमगले होते ते हे की, नर्तकाचे आयुष्य आणि नर्तकाचे कामाचे आयुष्य यांत मोठे अंतर असते. २०१९ साली फ्रेंच सरकारने ही व्यवस्था मोडीत काढणारा निवृत्तिवेतनाचा आराखडा पुढे आणला, तेव्हा ऑपेराच्या नर्तकांनी संप केला. २४ डिसेंबरच्या थंडीत त्यांनी ऑपेराच्या पायऱ्यांवर 'स्वान लेक' या विख्यात बॅलेतील नृत्य रस्त्यावरच्या लोकांना दाखविले. आज कामावर असलेल्या नर्तकांना वगळू, नियम फक्त नव्याने येणाऱ्यांना लावू, असे सरकारने सुचवून पाहिले. नर्तकांनी ते नाकारले. आपल्यामागून येणाऱ्यांचा हक्क विकून आपला वाचविण्यास ते तयार नव्हते.

दुसरे उदाहरण ॲना पाव्हलोवाचे. विसाव्या शतकातील सर्वांत विख्यात बॅले नर्तिका ती हीच. १८८१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे एका धोबिणीच्या पोटी ती जन्मली. १८९१ साली तेथील शाही नृत्यशाळेत तिला प्रवेश मिळाला आणि सरकारी खर्चाने तिचे शिक्षण झाले. १९२२ साली ती हिंदुस्थानातही येऊन गेली. तिच्या हंसनृत्याची कीर्ती सर्वांना ठाऊक असते. १९०५ च्या क्रांतीच्या वर्षी मारिइन्स्की नाट्यगृहातील नर्तकांनी पगारवाढीच्या आणि कारभारातील सहभागाच्या मागण्या मांडल्या, तेव्हा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींत पाव्हलोवा होती, ही गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते.

धोबिणीची मुलगी आणि मांगाच्या फडातील मुलगी, या दोघींत प्रतिभेचे अंतर मोजण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. व्यवस्थेचे अंतर मात्र मोजता येते. एकीच्या पाठीशी शाळा होती, ठरलेला पगार होता आणि मागणी मांडावयास सहकाऱ्यांची सभा होती. दुसरीच्या पाठीशी बापाची ढोलकी होती आणि पुढे उचलीची वही.

चळवळीवरील ऋण

आता थोडे आपल्या घरातले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांनी ते वाढविले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे नट त्या मुशीतून घडले. तिकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाचे लोकनाट्य केले आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्या डफावर उभी राहिली. १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले आणि शहरी मध्यमवर्गानेही तमाशाचा बाज आपलासा केला. समाजवादी असोत की साम्यवादी, तमाशाचे रूप सर्वांनी घेतले. गण घेतला, बतावणी घेतली, सोंगाड्या घेतला आणि त्यातून उत्तम प्रबोधन केले. ज्या फडांतून हे रूप घेतले, त्या फडांतील स्त्रियांची मजुरी, त्यांचे आजारपण, त्यांच्या मुलांची शाळा, हा मात्र कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याचा विषय झाला नाही.

ऐंशीच्या दशकात डॉ. बाबा आढाव, निळू फुले, डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून त्यासाठी पैसे जमविले. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरात चूल पेटली पाहिजे, हा विचार त्यामागे होता आणि तो आजही आदर्श आहे. नाटकाने कार्यकर्त्याची चूल पेटविली. आता कार्यकर्त्याने नाचणारणीच्या चुलीकडे पाहावयाचे आहे, एवढेच मी म्हणतो.

एक गंभीर आक्षेप

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो परंपरानिष्ठांचा नव्हे, त्यांना मी फार महत्त्व देत नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली आणि नंतर अटी लादून ती उठविली. त्या बंदीने प्रेक्षकांची नीती किती सुधारली हे सांगता येत नाही, कलावंतांची उपासमार मात्र निश्चित झाली. मला महत्त्वाचा वाटतो तो आंबेडकरी चळवळीचा आक्षेप. पठ्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकर यांचा तमाशा ऐन भरात होता. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. आमच्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा आम्हांस नको, हा त्या नकाराचा अर्थ होता. शर्मिला रेगे आणि अलीकडे शैलजा पाईक यांनीही लावणी-तमाशातील स्त्रीच्या वाट्याला येणारे शोषण जातीपासून वेगळे काढता येत नाही, हे साधार दाखवून दिले आहे. जातीने लादलेल्या धंद्याला संरक्षण देणे म्हणजे ती जातच टिकविणे नव्हे काय, असा हा आक्षेप आहे.

मला तो मोलाचा वाटतो आणि म्हणूनच त्याचे उत्तर हक्काच्या दिशेने शोधावे असे वाटते. धंदा सोडावयाचा तर उचल फिटली पाहिजे. मुलीला फडाबाहेर काढावयाचे तर वसतिगृहाची शाळा पाहिजे. म्हातारीला बोर्डावरून उतरवावयाचे तर निवृत्तिवेतन पाहिजे. सुरक्षितता नसलेली स्त्री धंद्यात खितपत पडते. सुरक्षितता असलेली स्त्री राहावयाचे की जावयाचे हे स्वतः ठरविते. जिला जावयाचे आहे तिला जाता यावे आणि जिला नाचावयाचे आहे तिला ताठ मानेने नाचता यावे. या दोन्ही गोष्टींसाठी लागणारी तरतूद एकच आहे.

काय करता येईल

आता योजनेकडे येतो. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाची मानधन योजना पूर्वीपासून आहे आणि २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. काही फडांना अनुदानही मिळाले. या गोष्टी मी कमी लेखत नाही. परंतु मानधनासाठी अर्ज करावा लागतो, समितीने निवड करावी लागते, जिल्ह्याचा कोटा असतो. अनुदान फडमालकाच्या नावे निघते. ज्या स्त्रीने ३० वर्षे रांगेत नाच केला, तिच्यापाशी कलावंत असल्याचा पुरावा काय? वर्तमानपत्रात छायाचित्र आलेले नाही, हस्तपत्रिकेत नाव छापलेले नाही. मानधनात मान आहे. त्यावर तिचा दावा मात्र नाही.

दाव्याचा रस्ता महाराष्ट्राने पूर्वीच दाखविला आहे. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. हमालाचा मालक रोज बदलतो, मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरावयाचा, हा पेच त्या वेळीही होता. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील माथाडींचा लढा आणि पुण्यात बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत यांनी त्या प्रश्नाला दिलेले उत्तर असे की, मालक बदलो, मंडळ कायम राहील. जो हमाल बोलावील त्याने मजुरी आणि तीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार पाहावे. चित्रपटसृष्टीतील कामगारांसाठी केंद्राने १९८१ साली कल्याण निधीचा कायदा केला. अगदी अलीकडे ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावे असे ठरले. त्याची अंमलबजावणी पुरेशी व्हावी म्हणून भांडावे लागेल, पण तत्त्व मान्य झाले. पडद्यावर नाचणारीसाठी निधीचे तत्त्व मान्य होते आणि तंबूत नाचणारीसाठी होत नाही, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

तमाशासाठी अशी लेव्ही गोळा करणे उलट सोपे आहे. हमालांचे मालक शहरभर विखुरलेले असतात. तमाशाचा बाजार नारायणगावसारख्या मोजक्या ठिकाणी, ठरलेल्या मोसमात भरतो आणि तेथे लेखी करार होतात. तेथेच मंडळाचे टेबल मांडावे. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, एक सुपारी १,००,००० रुपयांची आहे आणि लेव्ही ५ टक्के आहे. एका कार्यक्रमामागे ५,००० रुपये. हंगामात १०० कार्यक्रम झाले तर ५,००,००० रुपये. फडात ५० माणसे धरली तर दर माणशी वर्षाला १०,००० रुपये. तेवढेच शासनाने घातले तर २०,००० रुपये. २० वर्षे ही रक्कम कलावंताच्या स्वतःच्या खात्यावर व्याजासह साठत गेली, तर चाळिशी ओलांडलेली नर्तकी रिकाम्या हातांनी घरी जाणार नाही.

लेव्हीमुळे सुपारी महागेल आणि यात्रा कमिट्या डीजे किंवा ऑर्केस्ट्राकडे वळतील, अशी शंका व्यावहारिक माणूस घेईल. ती रास्त आहे. म्हणून लेव्ही एकट्या तमाशावर असू नये. यात्रेत पैसे देऊन आणलेल्या प्रत्येक कार्यक्रमावर ती सारखीच असावी. आज ऑर्केस्ट्रात नाचणारी मुलगीही तितकीच असुरक्षित आहे.

आपण आणि सुपारी

हे झाले कायद्याचे. कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सुपारी देणारा ग्राहक कोण, ते शेवटी सांगेन असे मी म्हटले होते. हा ग्राहक म्हणजे गावची यात्रा कमिटी. आपल्यापैकी अनेक जण आपापल्या गावच्या अशा कमिट्यांवर आहेत. तमाशाची असो, दंडारीची असो की ऑर्केस्ट्राची, सुपारी देणारे आपणच आहोत. तेव्हा भांडवलशाहीला बोल लावण्याआधी चार गोष्टी आपल्या हातून होऊ शकतात. करार लेखी असावा आणि पावसामुळे खेळ बंद पडला तरी किती रक्कम द्यावयाची हे त्यात नमूद असावे. स्त्री कलावंतांना कपडे बदलण्यास बंद खोली, पाणी आणि शौचालय मिळावे. शाळेची एक खोली एका रात्रीसाठी उघडण्यास कोणाची हरकत असू नये. बोर्डावर दगड किंवा अपशब्द फेकणाऱ्यास गावाने आवरावे, नर्तकीने सोसू नये. आणि ठरलेले पैसे पहाटे फड हलण्यापूर्वी चुकते व्हावेत. या चार गोष्टींसाठी मुंबईला मोर्चा न्यावा लागत नाही.

त्याबरोबरच जिल्ह्यातील वृद्ध लोककलावंतांची, खडी गंमतीचे शाहीर असोत, दंडारीतले गडी असोत की तांड्यावरील गाणाऱ्या बाया असोत, गाववार नोंद आपण या पावसाळ्यात करावी. ज्यांचे मानधनाचे अर्ज झालेले नाहीत त्यांचे करून द्यावेत. ही यादी हाती असली म्हणजे मंडळाची मागणी करताना आपल्यापाशी माणसे असतील, नुसता ठराव असणार नाही.

विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार दर वर्षी दिला जावो. तो घेणाऱ्या कलावंताचे अभिनंदन आपण मनापासून करू. मात्र त्या समारंभात आपल्यापैकी कोणीतरी उठून विचारले पाहिजे, की या कलावंताच्या फडातील शेवटच्या रांगेतल्या मुलीच्या नावे कोणत्या खात्यावर किती रक्कम जमा आहे? ज्या वर्षी या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळेल, त्या वर्षी विठाबाईंचे बिल भागले असे मी समजेन.